पाचवी खूण

॥ श्री ॥

चाकण, ७ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षा,

आशीर्वाद लिहिते आहे. ते घ्यायचे की पाकिटातच राहू द्यायचे, हे तुझं तू ठरव.

पत्ता तुझ्या राखीच्या पाकिटावरून घेतला. दर श्रावणात देहरादूनहून पाकीट येतं. त्यात दादांसाठी राखी असते, कुंकवाची पुडी असते, आणि वहिनीच्या नावाने एक ओळसुद्धा नसते. अशी दहा पाकिटं झाली. तुझे दादा म्हणतात, "पत्र कसलं लिहीत बसलीस? फोन लाव की." आता त्यांना काय सांगू, माझा फोन तू उचलत नाहीस हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि पत्राचं एक बरं असतं. न वाचता टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचंच लिहिते. मला तो मासा दिसला आहे.

आपल्या चिंचवडच्या दोन खोल्यांत, बाथरूममधल्या निळ्या टबात तू ठेवले होतेस ते. एम.एस्सी.च्या कामासाठी मावळातल्या कुठल्याशा ओढ्यातून आणलेले सात मासे, बोटाएवढे, अंगावर वाघासारखे पट्टे. ज्यांच्यावरून तू ते घर सोडलंस.

सांगते कसा दिसला. इथे आमच्या दारावर केसरबाई भाजी घेऊन येतात. ओळख भाजीची, पण आता भजनात शेजारी बसतो. त्यांचं गाव कासारदरा, चाकणहून एसटीने सव्वा तास, पार डोंगराच्या कुशीत. गेल्या एकादशीला त्यांच्याकडे भजन होतं. भजन झाल्यावर ओढ्यावर पाय धुवायला गेले. पाऊस उघडलेला, पाणी काचेसारखं, आणि ओढ एवढी की चप्पल धरून ठेवावी लागली. पायाशी एक चपटा दगड होता. त्याच्यावर मला वाटलं काडी अडकली आहे. काडी कशी, तर प्रवाहात जराही हलत नव्हती. वाकून पाहिलं तर मासा. पुढचे दोन पंख टेकून बसलेला, आपण ओट्यावर कोपरं टेकून बसतो तसा. ते बसणं मी ओळखलं. आठ महिने रोज सकाळी आंघोळीला गेले की ते बसणं माझ्या डोळ्यांसमोर असायचं.

घरी येऊन जुनी हिशेबाची वही काढली. २०१६ ची. तुला आठवत असेल, तुझे कागद संपले म्हणून तू माझ्या वहीच्या मागच्या पानावर माशाचं चित्र काढलं होतंस आणि शेजारी पाच खुणा लिहिल्या होत्यास. वर लिहिलंय, "साध्या मुऱ्यापासून हा वेगळा कसा ओळखायचा." मुरा म्हणजे याचाच ओढ्याओढ्यात सापडणारा भाऊबंद, एवढं मला तेव्हा कळलं होतं. मी वह्या टाकत नाही हे तुला माहीतच आहे. खुणा चार वाचता येतात. पाचवीचा कोपरा फाटला आहे.

आता राहिलं ते एक. मी ते मासे देहूला नेऊन नदीत सोडले, त्यात माझा हेतू वाईट नव्हता. टबात कोंडलेले जीव, आणि मी माळकरी बाई. वाहत्या पाण्यात सोडलं तर पुण्य लागेल, एवढंच मला कळत होतं. सोडल्यावर सगळे सुळकन गेले, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना अमुकच पाणी लागतं हे दहावी झालेल्या बाईला कुठून कळणार?

पुढच्या खेपेला मासा नीट बघून लिहिते.

तुझी
इंदूवहिनी


॥ श्री ॥

चाकण, ४ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी जिन्यात पोस्टमनचा आवाज आला की माझा परतणारा हात थांबतो. परवा त्या नादात मेथी लागली.

रविवारी कार्तिकी एकादशी होती. कासारदऱ्याला गेले. पिशवीत बिस्किटांची प्लास्टिकची बरणी, शिवणाची टेप, तुझं चित्र असलेली वही, आणि तुझ्या आईचं पोथी वाचायचं भिंग. सासूबाई गेल्यापासून ते भिंग देवघरातच आहे. त्यांच्या माघारी पोथी मी वाचते, पण मला भिंग लागत नव्हतं. आता लागायला लागलं आहे.

मासा धरायचा कसा, इथून सुरुवात. उभ्या जन्मात मी माशाला हात लावलेला नाही. केसरबाईंनी घरची पिठाची जुनी चाळण आणली. मी आपली ती माशाच्या समोरून, वरच्या अंगाने पाण्यात धरली. मासा बाजूने निघून गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. काठावर केसरबाईंचे मालक आबाजी विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "बाई, त्यो काय यष्टी हाय व्हय, हात दावला की थांबायला?"

केसरबाई म्हणाल्या, "तुमी गप बसा की वाईच. त्यांना सव न्हाई."

"आगं पर ह्या माळकरीण बाई न्हवं? आन् एकादशीच्या दिवशी मासं धराया आल्या?"

"धराया आल्यात, खायाला न्हाई. तुमचं ध्यान निस्तं तव्यावर."

"ह्या मुऱ्यात खान्यासारखं हाय काय? मांजर बी तोंड वळवतं." मग मात्र ते स्वतःच धोतर खोचून पाण्यात उतरले. दगडाच्या खालच्या अंगाला चाळण रोवायची आणि वरून दगड पायाने हळूच डोलवायचा. मासा निघतो तो पाण्याबरोबर खाली येतो, थेट चाळणीत. एवढं सोपं. मी आयुष्यभर पीठ चाळलं, पण चाळण कुठल्या बाजूला धरायची ते मला साठीच्या माणसाने शिकवलं.

मासा बरणीत घेतला. हाताला लागला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही बोलत. मग माळेला हात लावला आणि मनात म्हटलं, पांडुरंगा, हाही तुझाच आहे, मी फक्त बघणार आहे. बरणीतलं पाणी दर दोन मिनिटांनी आबाजी बदलत होते.

तर ऐक. पहिली खूण, तोंडाभोवती मिशा सहा. आहेत सहा. दोन-दोन-दोन.

दुसरी खूण, अंगावरचे पट्टे नऊ ते अकरा, वरून रुंद आणि पोटाकडे निमुळते. एका कुशीवर मोजले तर दहा. दुसऱ्या कुशीवर बारा. म्हटलं, एका माशाच्या दोन कुशी दोन बोलतात म्हणजे काय? पुन्हा मोजले, शेपटीकडून डोक्याकडे, आपण बेरीज खालून वर करून पाहतो तसे. तेव्हा चूक सापडली. त्या बाजूचे दोन पट्टे पोटाकडे येताना फुटले होते, आणि मी फुटलेल्याचे दोन-दोन धरले होते. पाठीवरून मोजलं की दोन्हीकडे दहा. ताळा जुळला.

तिसरी खूण, कुशीवरची बारीक रेघ शेपटीपर्यंत न जाता मध्येच थांबते. इथे भिंग लागलं. पाठीच्या पंखाखाली येऊन रेघ विरते. चौथी, शेपटीला खाच अगदी थोडी, जवळजवळ सरळच कापलेली. तीही आहे.

पाचवीचं पानावर फक्त "शेपटीच्या मुळाशी काळा प" एवढं उरलं आहे. पट्टा असणार. पट्टा आहे आणि काळा आहे. म्हणजे पाचही जुळल्या असं म्हणायला हरकत नसावी ना?

आबाजी विचारत होते, "एवडं मोजून काय करनार?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेचं काम आहे. तिचे हेच मासे माझ्या हातून गेले, ते तिला परत द्यायचे आहेत." ते म्हणाले, "मग बोलवा की तिला. वढा माघापातुर व्हातोय, पुढं डबकी उरत्यात."

बोलावते आहे. त्या वेळी मासे गेले म्हणून सरांनी तुला दुसऱ्याच कुणाचा विषय दिला. पुढच्याच वर्षी तो तुझा ओढा रस्त्याच्या भरावाखाली गेला. दादांनी मला सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते, ती तशीच राहिली. मला वाटलं होतं, आज ना उद्या तू तिथून दुसरे आणशील. ते दारही बंद झालं. म्हणून हा ओढा मला देवाने दाखवला असं मी समजते. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. केसरबाईंकडे उतर. मासा बघ आणि जा.

त्या रविवारी चार वाजता पाहुणे यायचे होते हे खरं आहे, पण त्याचा आणि माशांचा संबंध नव्हता. कधी तुझ्या मनात आलं असेल म्हणून लिहिलं.

तुझी
इंदूवहिनी


॥ श्री ॥

चाकण, १९ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा,

तुझं कार्ड काल पोचलं.

"शेपटीच्या मुळाशी पट्टा सलग की मधोमध तुटलेला? भिंगातून बघून कळवावे. अपेक्षा."

आमच्या सोसायटीत पाणी येणार नसल्याची नोटीस लागते ती याच्यापेक्षा मायेची असते. "वहिनी" नाही, "तू" नाही, "तुम्ही"सुद्धा नाही. दादांनी तीनदा वाचलं. मागे काही आहे का म्हणून उलटून पाहिलं. म्हणाले, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच कुठे? प्रश्न आहे. प्रश्न असला की उत्तर पाठवता येतं."

ते हसले. मग आत जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं.

अक्षर बदललं नाही गं तुझं. "भ" अजून तसाच, पाय लांब सोडलेला. कार्ड देवघरात ठेवलं आहे.

येत्या रविवारी दादांना सुट्टी आहे, स्कूटरवर दोघं जाऊन पट्टा बघून येतो. पण तू लिहिलंस, "बघून कळवावे." ते वाचल्यापासून मला बसवत नाही. कारण एक गोष्ट मी बघितली होती आणि तुला कळवली नव्हती. ती आधी कळवते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, त्यांना कसलं पाणी लागतं ते मला कुठून कळणार. ते खोटं आहे. तू सांगितलं होतंस. टबाच्या पंपाचं बटण मी दुपारचं बंद करत असे, वीज कशाला जाळायची म्हणून. एकदा तू कॉलेजातून लवकर आलीस. सातही मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून होते. तू माझ्यावर ओरडली नाहीस. माझा हात धरून मला टबाशी बसवलंस आणि म्हणालीस, "वहिनी, ही वाहत्या पाण्यातली माणसं आहेत. पाणी थांबलं की यांचा श्वास थांबतो." माणसं म्हणालीस. मी हसले होते. त्यानंतर मी ते बटण कधी बंद केलं नाही. म्हणजे मला कळलं होतं.

पुण्य लागेल म्हणून सोडले, हेही खरं नव्हतं. तुला बघायला येणारी मंडळी माळकरी होती, चांगली, देवभोळी. आपल्याकडे बाथरूम एक. हातपाय धुवायला कुणी आत गेलं आणि टबात मासे दिसले तर काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू आधीच म्हणाली होतीस की परीक्षा होईपर्यंत कुणाला बोलावू नका. तरी मी बोलावलं. सासूबाई जाताना तुला माझ्या ओटीत घालून गेल्या होत्या, त्यामुळे तुझं लग्न म्हणजे माझी परीक्षा असं मी धरून चालले होते. सकाळी तू पुण्याला कागद छापून आणायला गेलीस. सर सोमवारी येणार होते, मासे औषधात घातले की रंग जातो म्हणून त्यांना जिवंत दाखवायचे होते. हेही तू सांगितलं होतंस.

मी दुधाच्या किटलीत पाणी घेतलं, सातही त्यात घातले, आणि देहूची बस धरली.

वैशाखाचे दिवस. पाणी घाटाच्या खालच्या पायरीपर्यंत उतरलेलं, कोमट आणि थांबलेलं. किटली कलती केली. दोन-तीन मिनिटं सगळे पायरीच्या कडेला चिकटून राहिले. मग एक आडवा झाला. मग दुसरा. त्याला मी बोटाने सरळ केला, तो पुन्हा कलला. तेव्हा मला सुचलं होतं, उरलेले किटलीत घेऊन परत न्यावेत, पंप लावावा. सुचलं होतं, अपेक्षा. किटली हातातच होती. पण घरी टब धुऊन पालथा घातलेला होता आणि चार वाजता पाहुणे होते. पाचवा आडवा झाला तेव्हा मी उठले. दोन राहिले होते. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी मागे वळून पाहिलं नाही. देवळात गेले, माथा टेकवला, आणि काय मागितलं ते लिहायची लाज वाटते. मंडळींची पसंती मागितली.

तू आलीस. रिकामा टब पाहिलास. मी म्हटलं, "नदीत सोडले गं, सुळकन गेले सगळे." तू माझ्याकडे पाहिलंस. मग पंपाची वायर काढलीस, नीट गुंडाळलीस, आणि बॅग भरायला घेतलीस. पाहुणे पोहे खाऊन गेले. निघताना त्यांच्या बाईंना कुंकू बांधून द्यायला कागद हवा होता. मी हाताला लागेल ती वही ओढली आणि मागच्या पानाचा कोपरा फाडला. तुझी पाचवी खूण अशी गेली.

तुला तेव्हाच सगळं कळलं होतं हे मला आता वाटतं. पण कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

रविवारी जाते.

इंदूवहिनी


॥ श्री ॥

चाकण, २५ नोव्हेंबर २०२५

चि. अपेक्षा,

हा कागद उलटून पाहा. मागच्या बाजूला कालची तारीख आहे, अक्षर माझंच आहे. तिथे लिहिलंय की पट्टा मधोमध तुटलेला आहे, लगेच निघून ये.

तो तुटलेला नाही.

काल लिहिलेलं पत्र फाडून टाकता आलं असतं. पण चांगला कागद अर्धा कोरा होता, म्हणून त्याच्याच पाठीवर लिहिते आहे. दोन्ही बाजू तुझ्याजवळ असू देत.

रविवारी आम्ही गेलो. चाकणच्या चौकात कंटेनरची रांग लागलेली, दादांनी स्कूटर गटाराच्या कडेकडेने काढली. मी मागे बरणी पोटाशी धरून बसलेली. एकजण ओरडला, "काकू, लोणचं सांभाळा!" दादा एवढे हसले की स्कूटर डगमगली. तुझ्या भावाला मी इतकं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवावं लागलं. ओढ्यावर पोचल्यावर त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः चाळण धरली. आबाजींनी दगड हलवले. पहिला मासा बरणीत आला. मी भिंग लावलं.

शेपटीच्या मुळाशी काळा पट्टा. वरपासून खालपर्यंत एक. मधे कुठेही तुटलेला नाही. वहीतल्या तुझ्या चित्रात मात्र पट्ट्याच्या मधोमध फट आहे, ती तुझं कार्ड वाचल्यावर माझ्या लक्षात आली.

म्हटलं, एखादा असेल तसा. दुसरा धरला. तोही तसाच. तिसरा. आम्ही बारा मासे पाहिले, एकेक करून, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू. पाहून झाला की त्याला वरच्या डोहात न ठेवता जिथला तिथे सोडायचा, आणि पुढचा पाच-दहा पावलं वरच्या दगडाखालचा धरायचा, म्हणजे तोच तो पुन्हा मोजला जाणार नाही. बाराच्या बारा सलग. पहिल्या चारही खुणांत तोच, पण पाचवीला नाही. साधा मुरा. आबाजींची मांजर ज्याला तोंड लावत नाही तो.

मी दगडावर बसले. आबाजींना काय ते कळलं. ते म्हणाले, "बाई, कशाला जिवाला घोर लावून घेता? तुटल्याला हाय म्हनून टाका. पोरगी यील, बघंल. आन् एकदा घरला आली की काय लगीच माघारी पळती व्हय?"

केसरबाई म्हणाल्या, "असलं काय बी शिकवू नगा."

"मी कुटं शिकवतुय? मी आपलं म्हनतुय."

परत येताना, रस्ता मोकळा लागल्यावर, मान मागे न वळवता दादांनी विचारलं, "नीट पाहिलंस ना गं? एखाद्याचा असेलही तुटलेला." मी म्हटलं, "पाहिलं." त्यांचा शर्ट मागून ओला झाला होता आणि केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा दिसलं. त्या एका प्रश्नासाठी काल मी खोटं लिहिलं. माझ्यासाठी नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. मलाही तू हवी आहेस.

आज सकाळी पूजा झाल्यावर भिंग पोथीवर ठेवायला गेले. शेजारी तुझं कार्ड. डोळ्यांसमोर आलं, तू आली आहेस. गुडघाभर पाण्यात उतरली आहेस. मासा तुझ्या हातात आहे. तू भिंगसुद्धा लावणार नाहीस, नुसत्या डोळ्यांनी तुला कळेल. मग तू मान वर करून माझ्याकडे पाहशील. रिकामा टब पाहून जसं पाहिलं होतंस तसं. ती नजर मी एकदा सोसली आहे.

म्हणून हे असं आहे. तुझे सात मासे मी परत देऊ शकत नाही. ज्या ओढ्यातून आणले होतेस तो नाही, आणि या ओढ्यात ते नाहीत. दुसऱ्या ओढ्यात असतील तर मला ठाऊक नाही. केसरबाईंचं माहेर डोंगराच्या पलीकडे आहे, तिथेही पाणी वाहतं म्हणतात. मी जाऊन बघेन. आता मला पाच खुणा येतात. पण त्यासाठी तू ये असं आज लिहीत नाही. यायला तुला कारण उरलेलं नाही, हे मला कळतं.

बाराव्या माशाचं तेवढं सांगायचं राहिलं.

तो बरणीत जरा जास्त वेळ राहिला, कारण मी त्याच्यावर भिंग धरून बसले होते, पट्ट्यात कुठे फट सापडते का म्हणून. दादांनी पाणी बदललं तरी तो दमलेला वाटत होता. त्याला मी ओतला नाही. पाण्यात बसकण मारली, लुगडं भिजलं तर भिजू दे, आणि बरणी आडवी करून तोंड प्रवाहाकडे केलं. पाणी आत-बाहेर खेळायला लागलं. तो आतच थांबला. मिशा तेवढ्या हलत होत्या. बऱ्याच वेळाने पंख टेकत टेकत पुढे आला, बाहेर आला, आणि दगडाच्या पोटाखाली शिरला. शेपूट बाहेर राहिली.

दादा वरून हाका मारत होते, "चल गं, पुन्हा कंटेनरची रांग लागेल." मी म्हटलं, "थांबा." आबाजी म्हणाले, "गेला की त्यो, बाई." मी म्हटलं, "नाही अजून."

शेपूट हलत होती. मुळाशी काळा पट्टा, वरपासून खालपर्यंत. ती पूर्ण आत जाईपर्यंत मी उठले नाही.

पट्टा सलग आहे, अपेक्षा. बघून कळवलं आहे.

तुझी
इंदूवहिनी